सगळं खाते न जी

पऱ्हाट्यांच्या गाड्या यायला लागल्या की माझं डोकं फिरतं. फाल्गुन सरत आलेला असतो, कापूस वेचून संपलेला असतो, आणि शेतात उभी वाळलेली कपाशीची झाडं मुळासकट उपटून, भारे बांधून, लोक सरपण म्हणून अकोल्यात विकायला आणतात. आमच्या क्वार्टरसमोरच्या रस्त्यावर सकाळपासून बैलगाड्यांची रीघ लागते. शेजारच्या बायका भाव करायला धावतात, आणि धावायलाच पाहिजे, पावसाळ्याची चूल त्यावरच पेटायची असते. मी मात्र दार लोटून घेते. घरातले म्हणतात, हिला ऊन बाधतं. ऊन काय बाधणार मला? वऱ्हाडात जन्मले, वऱ्हाडात वाढले. मला त्या पऱ्हाट्या उपटणारे हात आठवतात, आणि आठवले की कुणावर तरी ओरडावंसं वाटतं.

लहानपणी वलगावला असताना मीसुद्धा आईबरोबर पऱ्हाट्या उपटल्या आहेत. काळी जमीन तोवर सुकून दगड झालेली असते. दोन्ही हातांनी खोड धरायचं, पाय रोवायचे आणि सगळं अंग मागं टाकायचं. झाड सुटलं तर माणूस मातीत बसतं, नाही सुटलं तर तळव्याची साल जाते. डोक्यावर लुगड्याचा पदर असतो, पण हात उघडे, मान उघडी, पावलं उघडी. दुपारी बांधावर बसून भाकर खायची, तिच्यावर हिरव्या मिरचीचा ठेचा. त्या वेळी मला ते जेवण फार आवडायचं. भाकरीचा वास, ठेच्याचा झणका, मडक्यातलं गार पाणी. आईच्या ताटात आणि बाबांच्या ताटात काय फरक असतो, हे बघायचं वय नव्हतं माझं.

गेल्या आठवड्यात आमच्या वॉर्डात नवे आलेले डॉक्टर हातात एक मासिक घेऊन आले. तरुण आहेत, हुशार आहेत, वाचतात. म्हणाले, "सिस्टर, हे बघा, नवीन शोध. पेलाग्रा फक्त मका खाणाऱ्यांना होतो असं आपण समजत होतो. आता कळलंय, ज्वारी खाणाऱ्यांनाही होतो." पेलाग्रा म्हणजे आहारातल्या उणिवेनं, उन्हात उघडी राहणारी कातडी काळी पडून सोलते तो रोग. टेबलाभोवतीचे सगळे वा वा म्हणाले. एकजण तर म्हणाला, म्हणजे आपल्या लोकांनी ज्वारी सोडायला पाहिजे. मी तेव्हा उकळलेल्या सिरिंजा चिमट्यानं ट्रेमध्ये काढत होते. काचेच्या सिरिंजा, जपून काढाव्या लागतात. दोन फुटल्या. डॉक्टर म्हणाले, "काय झालं सिस्टर?" मी म्हटलं, "काही नाही, चिमटा सुटला."

नवीन शोध! दहा वर्षं होऊन गेली, अमरावतीच्या एका दवाखान्यात, बायकांच्या मेडिसिन वॉर्डात, खिडकीजवळच्या खाटेवर हा शोध पडून होता. हगवणीनं खंगलेला, जीभ लालभडक सोललेली, कोपरापासून बोटांपर्यंत काळेभोर चिरलेले हात चादरीवर ठेवून. आणि आता ज्वारीच्या नावानं बोंब सुरू झाली. मका सुटला आणि ज्वारी धरली. त्या घरातले पुरुष तीच ज्वारी खात होते, त्याच शेतातली, त्याच जात्यावर दळलेली. त्यांचे हात का नाही सोलले, हे त्या मासिकात लिहिलं आहे का, असं मला विचारायचं होतं. नाही विचारलं. त्याचाही राग आला.

नर्सिंगची परीक्षा पास होऊन मला तेव्हा वर्षही झालं नव्हतं. वच्छलाला अंजनगावकडच्या एका खेड्यातून बैलगाडीनं आणि मग मोटारीनं आणली होती. वय विशी-बाविशीचं. बरोबर नवरा महादेव आणि सासू तुळसाबाई. आठ-पंधरा दिवस पऱ्हाट्या उपटायला गेली होती आणि हात भाजल्यासारखे झाले होते, मग काळे पडले, मग सालपटं निघू लागली. दोन्ही हात अगदी सारखे, जिथं चोळीची बाही संपते तिथून रेघ मारल्यासारखे. पायांचंही तेच. गळ्याभोवती काळा पट्टा. तोंड आलेलं, पोट वाहतं, आणि बोलता बोलता मध्येच कुठं तरी हरवून जायची. गावानं ठरवूनच टाकलं होतं की हा महारोग. तिची दीड वर्षांची पोर तिच्या अंगावरून ओढून जावेकडं दिली होती आणि हिला गोठ्यात निजवत होते. दवाखान्यानं महारोग नाही म्हटलं तर ती घरात, पोरीजवळ जाणार होती. हो म्हटलं तर गोठाही नाही. हे महादेवनं मला पहिल्या दिवशी व्हरांड्यात सांगितलं, खालमानेनं, टोपी हातात धरून.

तुळसाबाईनं मला पहिल्याच दिवशी विचारलं, "कोण्या गावची हायेस व बाई? आडनाव काय तुह्यं?" मी सांगितलं. त्यानंतर त्या प्यायचं पाणी स्वतः नळावरून आणू लागल्या. मला ती बाई तेव्हाच आवडेनाशी झाली. ताठ बसायची, दोन्ही हात पदराखाली घेऊन, जसं काही दवाखान्याला हात लावला तर विटाळ होईल. सून गोठ्यात निजते आणि ही अशी बसते, असं मी मनात म्हणायचे.

केसपेपरावर एक रकाना असतो, आहाराचा. रोगी काय खातो ते त्यात लिहायचं. छोट्या डॉक्टरांनी, म्हणजे आमच्या हाऊसमननी, मला तो भरायला सांगितला, कारण त्यांची पुण्याची मराठी बायकांना कळत नसे आणि बायकांची त्यांना. मी विचारलं, "काय खाते ही?"

"सगळं खाते न जी," सासू म्हणाली. "वरण खाते, भाजी खाते, दूध पेते. आमच्या घरी खायले काई कमी नाई."

मी वच्छलाकडं पाहिलं. तिनं मान हलवली. "सगळं खातो न बाई. पोटभर."

आणि मी लिहिलं: वरण, भाजी, दूध, पोटभर. रोगी जे सांगेल ते लिहायचं, आपली अक्कल त्यात घालायची नाही, हे मेट्रननी आम्हाला पहिल्या दिवसापासून शिकवलं होतं. पण मला काय माहीत नव्हतं? माझी आई! छप्पनच्या दीक्षेनंतर तिनं एक गोष्ट बंद केली, कुणाच्या घरचं उरलंसुरलं घेणं. आणि एक सुरू केली. कुणी विचारलं, जेवलीस का, की म्हणायची, हो आत्ताच, पोटभर. चूल पेटलेली नसली तरी. मी बाजूला उभी असायचे आणि माझ्या पोटात गुरगुरायचं. आमच्याकडे घरातली उणीव उंबऱ्याबाहेर सांगत नाहीत, आणि सासूपुढं सुनेनं तर सासरची उणीव सांगायचीच नाही. हे रक्तात भिनलेलं ज्या मुलीला माहीत होतं, तिनं 'पोटभर' असं सुवाच्य अक्षरात लिहिलं. तो केसपेपर आज कुठं असेल देव जाणे, पण ते अक्षर माझं आहे.

मोठ्या साहेबांचा राउंड नऊला असे. विलायतेत शिकून आलेले, अंगानं उंच, आवाज हळू. त्यांच्याबद्दल वाईट बोलताना मला जपून बोललं पाहिजे, कारण त्यांच्यासारखा मेहनती डॉक्टर मी नंतर पाहिला नाही. बाईच्या छातीला नळी लावायच्या आधी तिची चकती तळहातात धरून ऊब द्यायचे. गरिबाला कधी वसकन बोलले नाहीत. पण त्यांना रोगी दिसायचा तो केसपेपरातून. जे कागदावर नाही ते त्यांच्या लेखी खाटेवरही नाही.

वच्छलाचे हात त्यांनी उलटेपालटे करून पाहिले. छोटे डॉक्टर आदल्या संध्याकाळी पुस्तक घेऊन बसले होते आणि मला एक चित्र दाखवलं होतं. तेच हात, तोच गळ्याचा पट्टा. ते भीत भीत म्हणाले, "सर, पेलाग्रा वाटतो."

"मका खातात का हे लोक?"

"नाही सर."

"उपासमार?"

छोट्या डॉक्टरांनी केसपेपर पाहिला. माझं अक्षर पाहिलं. "नाही सर. वरण, भाजी, दूध. पोटभर."

"मग कसला पेलाग्रा?" साहेब म्हणाले, आणि त्यांनी केसपेपराला लावलेली टाचणी काढली.

महारोगात कातडी बधिर होते, म्हणून टोचून बघतात. तिच्या डोळ्यांवर रुमाल टाकला. "कळलं की हो म्हण," साहेबांनी सांगितलं. खाटेभोवती साहेब, छोटे डॉक्टर, मी, वॉर्डबॉय, आणि पायथ्याशी नवरा आणि सासू. साहेबांनी हाताच्या मागच्या बाजूला टोचलं. ती गप्प. पुन्हा टोचलं. गप्प. तिसऱ्यांदा टोचलं तेव्हा रक्ताचा थेंब वर आला, आणि ती गप्पच. साहेबांनी मान हलवली.

ती गप्प राहणार नाही तर काय करणार? पोर होतानासुद्धा आवाज काढायचा नाही, बाहेर सासरा बसलेला असतो, असं शिकून आलेली बाई ती. तीन परके पुरुष, नवरा, सासू यांच्यासमोर टाचणी टोचली म्हणून हाय करेल? मी तिच्या पायांकडं उभी होते. चादरीखाली तिच्या पायाची बोटं आखडून घट्ट झालेली मला दिसली, तिन्ही वेळा. मी काही बोलले नाही. साहेब तपासत असताना सिस्टरनं बोलायचं नसतं. म्हणजे त्या खाटेभोवती दोन बायका होत्या ज्यांना खरं माहीत होतं, आणि दोघीही चांगल्या वळणाच्या होत्या!

साहेबांनी केसपेपरावर इंग्रजीत रोगाचं नाव लिहिलं आणि पुढं प्रश्नचिन्ह काढलं. प्रश्नचिन्ह कागदावरच राहिलं. वॉर्डबॉयच्या तोंडून व्हरांड्यात गेलं ते नुसतं नाव. दुपारपर्यंत महादेव आणि तुळसाबाई निघून गेले होते. खाटेखाली तिचं एक लुगडं आणि एक तांब्या तेवढा ठेवून.

मला आजही कळत नाही की मला सगळ्यांत जास्त राग कुणाचा आला. नवऱ्याचा आला, सासूचा आला. साहेबांचा आला, इतकं शिकून एवढं कळू नये म्हणून. पण दुपारी तिच्या हातांचं ड्रेसिंग बदलताना पट्टी जरा ओढली गेली आणि ती "माय व!" करून किंचाळली, तेव्हा मला माझा इतका संताप आला की पट्टी तशीच धरून मी उभी राहिले. वॉर्डात आता तिचं ओळखीचं कुणी नव्हतं. आता तिला दुखत होतं.

मी छोट्या डॉक्टरांना बोलावलं. त्यांनी कापसाचा बोळा फिरवून पाहिला, टाचणीनं पाहिलं. सगळं कळत होतं. कातडीचा तुकडा काचेवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली घातला, त्यातही महारोगाचे जंतू नव्हते. साहेब म्हणाले, काही प्रकारांत ते काचेवर सापडत नाहीत, आणि बधिरपणा कधी कमीजास्तही होतो. ते खोटं नव्हतं. छोटे डॉक्टर मला म्हणाले, "सिस्टर, आहारात काहीतरी सापडलं पाहिजे. त्याशिवाय सर ऐकणार नाहीत." तोवर त्यांनी व्हिटॅमिनच्या गोळ्या मात्र लिहून टाकल्या, पेलाग्रावर देतात त्याच. व्हिटॅमिनला साहेब कधी नाही म्हणत नसत.

दुसऱ्या दिवशी मी तिची वेणी घालायला बसले. केसांत जटा झाल्या होत्या. काय खातेस, हे मी पुन्हा विचारणार नव्हते. खाण्याचं विचारलं की आमच्या बाया खोटं बोलतात. कामाचं विचारलं की नाही बोलत, कारण कामाची त्यांना लाज नसते, उलट ऐट असते. माझ्या आईला कुणी विचारावं, किती पायल्या दळलंस, ती दाण्याचा हिशेब देईल.

"दळण कोण करते व तुमच्या घरी?"

"मीच करतो न बाई. पायटेच उठून."

"कायचं?"

"जवारीचं. दुसरं कायचं!"

"आन् वरणाची गंजी केवढी ठेवते?"

तिनं हातानं पातेल्याचा आकार दाखवला. लहानसाच.

"जेवनारे किती माणसं?"

"मामाजी, हे, दोघं दीर, आन् वखराचा गडी."

"ते उठले का मंग गंजीचं काय करते?"

"घासाले टाकतो," ती म्हणाली. "राख लावून चकचकीत घासतो. पाहून घ्या तुमी कवाबी."

मी फणी चालवत राहिले. "ठेचा रोज वाटा लागते काय?"

"रोज. सासूपुरता आन् माह्यापुरता. गड्यामाणसाइले नाई लागत."

"दूध कोण काढते?"

"मामाजी. थे त अंजनगावच्या हॉटेलात जाते. घरी चहापुरतं ठेवतो, गड्यामाणसाच्या."

झालं. वेणी होईपर्यंत सगळा आहार निघाला. त्यात 'नाही' हा शब्द एकदाही आला नाही, तक्रार नाही, कुणाचं वाईट नाही. एक बाई आपली गंजी किती स्वच्छ घासते ते सांगत होती. एवढी बुद्धी कुठल्या पुस्तकात सांगितली आहे? रोग्याला पोटाचं विचारू नका, चुलीचं विचारा, असं लिहिलेलं मी तरी पाहिलं नाही.

मी हे साहेबांना सांगायला गेले. म्हणजे केवढं धाडस केलं ते मला माहीत. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "सिस्टर, घरच्यांनी एक सांगितलं, तुम्ही दुसरं सांगता. रोगी भ्रमात आहे. कोणतं खरं धरू? तुम्ही औषधं वेळेवर द्या. हिस्टरी आम्ही घेऊ." त्यांच्या बाजूनं बघितलं तर चूक काय होतं त्यात? पण 'हिस्टरी आम्ही घेऊ' हे वाक्य मी आजतागायत पचवलेलं नाही. तुम्ही घेऊन घेऊन काय घेतलीत साहेब? माझ्या हातची चार खोटी अक्षरं.

तिसऱ्या दिवशी तिच्या जिभेचा लालभडकपणा ओसरला. चौथ्या दिवशी तिनं मला नावानं हाक मारली आणि विचारलं, "माही पोरगी कोनाजवळ हाय व बाई?" इतके दिवस ती पोरीचं नाव चुकवत होती. हगवण थांबली. वॉर्डाची पोळी, वरण, दूध ती शब्द न काढता खायची, खाटेवर पाठ करून, भिंतीकडं तोंड करून. हाताची काळी साल पापुद्र्यांनी निघू लागली आणि खाली नवी गुलाबी कातडी दिसू लागली. पण कागद तोच होता. महारोगाच्या आश्रमात जागा झाली की हिला तिकडं पाठवा, असा हुकूम त्यावर होता. मी पोस्टकार्ड आणलं आणि महादेवला लिहिलं: तुमच्या बायकोला महारोग नाही. येऊन साहेबांसमोर खरं सांगा, म्हणजे ती घरी येईल. खाली माझं पूर्ण नाव लिहिलं, आडनावासकट.

कार्डाचं उत्तर आलं नाही. ऊन चढत गेलं. वॉर्डाच्या खिडक्यांना वाळ्याचे पडदे लागले, दुपारी त्यांच्यावर पाणी मारलं की तो ओला वास सगळीकडं पसरायचा. मला तो वास फार प्रिय होता. त्या वर्षापासून नाही. त्या वासात ती बाई दाराकडं बघत बसलेली असते.

दहाव्या दिवशी ते आले. दोघेही. राउंड चालू असतानाच आले, आणि वॉर्डबॉय त्यांना अडवायच्या आत मी त्यांना खाटेजवळ आणून उभं केलं.

साहेबांनी पहिल्यांदा वच्छलालाच विचारलं, "बाई, खरं सांग. घरी काय खात होतीस?"

तिनं सासूकडं पाहिलं, नवऱ्याकडं पाहिलं. शुद्धीवर होती ती आता, आपल्याला काय मिळणार आणि काय जाणार हे तिला कळत होतं. आणि तरी ती म्हणाली, "सगळं खातो न जी."

साहेबांनी माझ्याकडं पाहिलं. मला त्या क्षणी तिच्या थोबाडीत मारावीशी वाटली, खोटं कशाला सांगू. मग मी महादेवकडं वळले. "तुम्ही सांगा. तुमची बायको काय खाते?"

तो विचारात पडला. खरोखर आठवत होता बिचारा. कपाळाला आठ्या घातल्या, टोपी या हातातून त्या हातात घेतली. मग म्हणाला, "खरं सांगू काय जी? मी याइले जेवताना कधी पायलंच नाई."

"म्हणजे?" साहेब म्हणाले.

"आमी जेवून उठतो, वावरात जातो. मंग त्या बसतेत. काय खातेत, मले नाई मालूम."

तो खोटं बोलत नव्हता. चार वर्षं संसार केला, एक पोर झाली, आणि बायकोला घास तोंडात घालताना त्यानं पाहिलं नव्हतं. आईलाही नाही, जन्मापासून. आपल्यातल्या किती जणांनी पाहिलं आहे?

तेव्हा तुळसाबाईंनी पदराखालून हात बाहेर काढले. दोन्ही. साहेबांच्या पुढ्यात धरले, तळवे खाली करून. मनगटापर्यंत काळे, चिरलेले, कडेला रेघ मारल्यासारखे. पऱ्हाट्या त्यांनीही उपटल्या होत्या. "दोघीइनं सारखंच खाल्लं जी," त्या म्हणाल्या. "भाकर आन् ठेचा. तिले मी उपाशी नाई ठेवलं. लिवा तसं. आन् महारोग असन त मंग मलेबी हाय, मलेबी पाठवा तिच्यासंगं."

आणि मी त्या बाईला इतके दिवस ताठ म्हणत होते. हात पदराखाली घेऊन बसते म्हणून मनात शिव्या घालत होते. मी, ट्रेन केलेली नर्स!

साहेबांनी ते हात बराच वेळ पाहिले. मग केसपेपर घेतला, ते इंग्रजी नाव खोडलं, दुसरं लिहिलं, खाली सही केली. महादेवला म्हणाले, "महारोग नाही. घरी ने. आणि या दोघींना वरण, दूध दे." महादेव म्हणाला, "नेतो जी, आजच नेतो. पोरगी रडून राहिली." एवढ्यानं काम झालं. एवढी एक सही नव्हती म्हणून त्या बाईनं गोठा पाहिला होता.

पुढं साहेबांनी नागपूरला डॉक्टरांच्या सभेत या दोघींवर निबंध वाचला. छोटे डॉक्टर बरोबर गेले होते, त्यांनी सांगितलं, फार कौतुक झालं. एका घरातले दोन रोगी, मका न खाता पेलाग्रा, कारण अज्ञात. कारण अज्ञात! वरणाच्या गंजीचं नाव नव्हतं त्यात, गंजी कोण रिकामी करतं आणि कोण घासतं हे नव्हतं. ते विज्ञान नाही, असं साहेबांना वाटलं असावं. आता ते मासिक म्हणतं ज्वारी. असेल, ज्वारीतही काही उणं असेल, मी नाही म्हणत नाही. पण तिच्या जोडीला वाटीभर वरण असतं तर त्या दोघी माझ्या वॉर्डात आल्या असत्या का, एवढं सांगा आणि मग ज्वारीला बोल लावा.

पण ते नंतरचं. त्या सकाळी सही झाल्यावर साहेब म्हणाले, "सिस्टर, या आजीबाईंचा केसपेपर काढा. आणि फोटोग्राफरला निरोप द्या, दोघींचे हात शेजारी शेजारी ठेवून घ्यायला सांगा."

जेवणाची गाडी दारात आलीच होती. मी तिकडं गेले आणि दोन ताटं वाढून घेतली. रोग्याबरोबर आलेल्यांना ताट द्यायचं नाही असा नियम होता. पोळ्या, भात, भाजी, आणि वरणाची वाटी काठोकाठ. दोन्ही ताटं खाटेजवळ जमिनीवर ठेवली आणि म्हटलं, "बसा. तुमीबी बसा, तुळसाबाई."

"सिस्टर, राउंड चालू आहे," साहेब म्हणाले.

"फोटो जेवण झाल्यावर काढू, साहेब," मी म्हटलं. आवाज माझा मलाच ओळखू आला नाही. साहेब पुढच्या खाटेकडं गेले नाहीत, तिथंच थांबले.

महादेव दाराकडं सरकत होता. बाया जेवायला बसल्या की पुरुषानं उठायचं, हेच त्याला माहीत. मी त्याला म्हटलं, "तुमी कुठं चालले? बसा इथं. समोर बसा आन् पाहा."

तो बसला. दोघी बसल्या, संकोचानं अर्ध्या वळून, पदर पुढं ओढून. तुळसाबाईंनी पोळी मोडली. मोडता मोडता दुसऱ्या हातानं वरणाची वाटी ताटातून उचलली आणि मुलाकडं सरकवली, बघितलंसुद्धा नाही त्याच्याकडं. आणि महादेवचाही हात पुढं आला, सवयीनं, तोही काही न बघता. वाटीला त्याची बोटं लागली तेव्हा वच्छलानं पदर मागं केला.

"ठेवा जी ते," ती म्हणाली. "ते आमचं हाय."